‘औक्षवंत हो’ ते ‘जन्मसावित्री हो’: रोजच्या आशीर्वादांचा अर्थ आणि त्यांचं मूळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. नमस्कार केल्यावर घरातली आजी नातवाला ‘औक्षवंत हो’ म्हणते आणि नातसुनेला ‘जन्मसावित्री हो’. पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ छापतात, बाळ शिंकलं की कुणीतरी ‘शतंजीव’ म्हणतं. या शब्दांचे नेमके अर्थ काय, ते आले कुठून, आणि आज आपण कुणाला काय म्हणावं?

‘औक्ष’पासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांचा गाभा तोच आहे. औक्ष म्हणजे आयुष्य. लोकांच्या तोंडी रुळून झालेलं रूप. औक्षवंत म्हणजे आयुष्यवंत, पुष्कळ जगणारा. संस्कृतात याचंच जोडीदार रूप ‘आयुष्मान्’. मूळ शब्द ‘आयुस्’, त्याला ‘मत्’ प्रत्यय लागून आयुष्मत्, आणि त्यावरून पुरुषासाठी आयुष्मान, स्त्रीसाठी आयुष्मती. ‘आयुष्यमान भव’ हे फलकांवर आणि शुभेच्छापत्रांत सर्रास दिसणारं रूप चुकीचं आहे; मराठीतला ‘आयुष्य’ हा शब्द मनात असतो म्हणून तो मधला ‘य’ घुसतो. २०१८ साली सुरू झालेल्या आरोग्य योजनेचं नावही ‘आयुष्मान भारत’ आहे, पण बोलताना आणि लिहिताना तिथेही तो ‘य’ शिरतोच. मुलीला ‘आयुष्मान भव’ म्हणणं ही दुसरी चूक. तिला ‘आयुष्मती भव’ म्हणावं, किंवा सरळ ‘औक्षवंत हो’. मराठी रूपाची सोय अशी की ते मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं.

आता, सगळं सोडून आयुष्यच का? कारण आशीर्वाद हे मुळात नमस्काराचं उत्तर आहे, आणि त्या उत्तराचा साचा फार जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक १२५) अभिवादन करणाऱ्याला ‘आयुष्मान् भव सौम्य’ असं म्हणावं, असं सांगितलं आहे. त्याआधीच्या १२१व्या श्लोकात वडीलधाऱ्यांना नेहमी नमस्कार करणाऱ्याच्या चार गोष्टी वाढतात असं म्हटलं आहे: आयुष्य, विद्या, यश, बळ. आपल्याकडचे ‘यशस्वी हो’, ‘विद्यावंत हो’ हे आशीर्वाद याच चौकडीतले. मुंजीत बटूला गोत्र आणि नाव उच्चारून ‘अहं भो अभिवादये’ म्हणायला शिकवतात तेही यासाठीच. नमस्कार करणारा आपलं नाव सांगतो आणि उत्तर देणारा ते नाव घेऊन आशीर्वाद देतो.

हे उत्तर कसं उच्चारावं याचाही नियम होता. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्र आहे ‘प्रत्यभिवादेऽशूद्रे’ (८.२.८३). प्रत्यभिवादात, म्हणजे नमस्काराच्या उत्तरात, वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत करायचा, तीन मात्रांइतका लांबवायचा. ‘आयुष्मान् एधि देवदत्त’ म्हणताना ‘देवदत्तऽऽ’ असा. पण सूत्रातला ‘अशूद्रे’ हा शब्द वगळून पुढे जाता येत नाही. शूद्राला उत्तर देताना ही लांबण नाही, आणि वार्तिकाने, म्हणजे सूत्रावरच्या पुरवणी टिपणीने, त्या यादीत स्त्रियांनाही घातलं. म्हणजे आशीर्वादाचा स्वरसुद्धा माणसाचं स्थान पाहून मोजला जात होता. आपल्या शब्दांचं मूळ सांगताना हा भाग झाकून ठेवू नये.

आशीर्वादाचा खरा जीव मात्र क्रियापदात असतो, आणि या प्रश्नात मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते हेच. ‘तू सुखी आहेस’ आणि ‘तू सुखी हो’ यांत फरक फक्त क्रियापदाचा आहे. संस्कृतात आशीर्वादासाठी क्रियापदाची वेगळी रूपं आहेत. ‘आशिषि लिङ्लोटौ’ (३.३.१७३) या सूत्राप्रमाणे इच्छा व्यक्त करताना एक तर आशीर्लिङ्, म्हणजे आशीर्वादाचं खास रूप, वापरायचं (भूयात्) किंवा लोट्, म्हणजे आज्ञार्थ (भव, भवतु). मंगलाष्टकांच्या शेवटी येणारं ‘कुर्यात् सदा मंगलम्’ हे यांतलं नव्हे. ते विधिलिङ्, म्हणजे विध्यर्थ, ‘सदैव मंगल करावं’ अशी प्रार्थना. आणि आशीर्वादासाठी नामाची विभक्तीसुद्धा बदलते. आयुष्य, भद्र, कुशल, सुख, हित अशा अर्थांच्या शब्दांबरोबर षष्ठीऐवजी चतुर्थी वापरता येते (२.३.७३), म्हणून ‘कुशलं देवदत्ताय’ चालतं.

मराठीने हा वारसा एका अक्षरात साठवला: ‘ओ’. संस्कृतातलं ‘भवतु’ प्राकृतातून झिजत आलं आणि आपलं ‘होवो’ झालं. असो, राहो, लाभो, नांदो, टळो, येवो ही सगळी त्याच घरातली रूपं. हे बदलाचे टप्पे एका ठिकाणी पाहायचे असतील तर शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचं पसायदान उघडावं. ‘जावो’, ‘पाहो’, ‘लाहो’ ही मराठी रूपं आणि ‘भेटतु’, ‘होतु’ ही ‘तु’ राखलेली जुनी रूपं तिथे शेजारीशेजारी आहेत. अलिबागजवळच्या अक्षी इथला शिलालेख (त्याचा काळ शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला आहे) सुरूच होतो ‘गी सुष संतु’ या शब्दांनी. आधीचा ‘ज’ धरून अर्थ लावतात: जगी सुख नांदो. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एकाची पहिली ओळ ही एक सदिच्छा आहे, याचं मोल मोठं आहे.

आता दुसरी बाजू, जी आज जवळपास विसरली गेली आहे. आशीर्वाद मागावा लागतो आणि स्वीकारावाही लागतो. कुठल्याही मंगलकार्याआधीचं पुण्याहवाचन नीट ऐकलं तर हे स्पष्ट कळतं. यजमान ब्राह्मणांना विनवतो, ‘पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु’, हा दिवस पुण्याचा आहे असं आपण म्हणा. ते म्हणतात, ‘अस्तु पुण्याहम्’. मग ‘स्वस्ति भवन्तो ब्रुवन्तु’, उत्तर ‘आयुष्मते स्वस्ति’. मग ऋद्धी, उत्तर ‘कर्म ऋध्यताम्’. हे प्रत्येक तीन-तीनदा. ‘स्वस्ति’ म्हणजे सु आणि अस्ति, चांगलं असणं. ‘तथास्तु’ हाही असाच उत्तराचा शब्द, तथा अस्तु, तसं होवो. समोरच्याने काही मागितलेलंच नसेल तर ‘तथास्तु’ म्हणण्यात अर्थ नाही.

महाभारताच्या वनपर्वात याचं फार सुंदर उदाहरण आहे. सत्यवानाच्या मृत्यूचा दिवस उजाडतो. तपोवनातले सगळे तपस्वी सावित्रीला अवैधव्याचा आशीर्वाद देतात. तिला पुढे काय होणार हे ठाऊक आहे, त्यांना नाही. ती मनातल्या मनात ‘एवमस्तु’ म्हणून त्यांचे शब्द स्वीकारते. ‘जन्मसावित्री हो’ हा आशीर्वाद या कथेतून आला. अर्थ: जन्मभर सुवासिनी राहा.

कोकणातल्या गाऱ्हाण्यात हीच रचना लोकांच्या भाषेत भेटते. गाऱ्हाणं घालणारा देवाला हाक मारतो, चुकलंमाकलं पदरात घे म्हणतो, एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले लोक एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ ते ‘व्हय’ आणि पुण्याहवाचनातलं ‘अस्तु’ एकच काम करतात.

याच समजुतीची सावली म्हणजे ‘वास्तू तथास्तु म्हणत असते’ हे घरोघरीचं वाक्य. वाईट शब्द तोंडातून गेला आणि नेमकं त्याच क्षणी ‘तथास्तु’ झालं तर? म्हणून अभद्र शब्द टाळायचे. निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. नारळ फोडला नाही, वाढवला. बांगडी फुटली नाही, वाढवली. दिवा विझवला नाही, मालवला. गणपतीच्या उत्तरपूजेतल्या मंत्राचा शेवटही ‘पुनरागमनाय च’ असा, पुन्हा येण्यासाठी, म्हणजे दारात उभं राहून म्हटलेल्या ‘येतो हं’ची जातकुळी देवापर्यंत पोहोचते.

‘शतंजीव’कडे येऊ. शंभर वर्षांची इच्छा ऋग्वेदाइतकी जुनी. ‘पश्येम शरदः शतं जीवेम शरदः शतम्’ (७.६६.१६) यात माणूस स्वतःसाठी मागतो: शंभर शरद पाहू, शंभर शरद जगू. वाढदिवसाला म्हणतात तो ‘शतं जीव शरदो वर्धमानः’ हा मंत्र दहाव्या मंडलातल्या १६१व्या सूक्तातला. ते सूक्त वाढदिवसाचं नाहीच. ते यक्ष्मनाशनाचं आहे, आजाऱ्याला मृत्यूच्या दारातून परत आणण्यासाठी म्हणायचं. ‘वर्धमानः’ म्हणजे वाढत वाढत. मुलीसाठी ‘वर्धमाना’ असा बदल करून म्हणतात आणि तो योग्यच आहे. पूजेनंतर गुरुजी अक्षता टाकताना ‘शतमानं भवति शतायुः पुरुषः शतेन्द्रियः’ म्हणतात, तिथेही शंभरचाच हिशेब.

शिंकेचा आणि आशीर्वादाचा संबंध किती जुना आहे हे पालीतल्या विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, सापडतं. त्यातल्या चुल्लवग्ग या भागात प्रसंग आहे. प्रवचन चालू असताना भगवान बुद्धांना शिंक येते आणि भिक्खू मोठ्याने ‘जीवतु भन्ते भगवा’ म्हणू लागतात. त्या गलक्यात प्रवचन थांबतं. बुद्ध विचारतात, शिंकल्यावर ‘जगा’ म्हटल्याने कुणी जगतो किंवा मरतो का? भिक्खू म्हणतात, नाही. मग असं म्हणायचं नाही, असा नियम होतो. पण पुढे भिक्खूंना शिंक आल्यावर गृहस्थ ‘जीवथ भन्ते’ म्हणतात, भिक्खू संकोचाने गप्प राहतात आणि लोक नाराज होतात. तेव्हा बुद्ध सांगतात, गृहस्थांना मंगल गोष्टी हव्या असतात. त्यांनी तसं म्हटलं तर उत्तरादाखल ‘चिरं जीव’ म्हणायला हरकत नाही. शब्दाने आयुष्य वाढत नाही, पण शब्द परतवला नाही तर माणसं दुखावतात. आशीर्वादाबद्दल याहून समंजस निवाडा मला माहीत नाही.

त्या ‘चिरं जीव’चाच पुढे आपण ‘चिरंजीव’ केला. मुळात ते दोन शब्दांचं वाक्य, ‘पुष्कळ काळ जग’. मराठीत ते विशेषण झालं आणि नंतर चक्क नातं सांगणारं नाम: ‘हे माझे चिरंजीव’. पत्रात धाकट्याच्या नावाआधी ‘चि.’ लिहिणं म्हणजे मायन्यातच आशीर्वाद देऊन टाकणं. ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. उलट दिशेने, धाकट्याकडून थोरल्याला ‘ती.’ (तीर्थस्वरूप) आणि ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार विनंती विशेष). पत्रिकेतलं ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा करणारी, म्हणून ते लग्न व्हायच्या मुलीलाच लावतात. लग्नानंतर ‘कां.’ गळतं आणि ‘सौ.’ उरतं. वराच्या नावाआधी नुसतं ‘चि.’.

‘सौभाग्य’ या शब्दाचं काय झालं ते जरा सावकाश पाहायला हवं. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात (१०.८५) ‘सुमङ्गलीरियं वधूः’ या ऋचेत जमलेल्यांना सांगितलं आहे: ही वधू सुमंगल आहे, या, तिला पाहा, तिला सौभाग्य देऊन आपापल्या घरी जा. सौभाग्य म्हणजे सुभगपण, चांगला वाटा, भरभराट. त्याच सूक्तात इंद्राकडे मागणं आहे की हिला दहा पुत्र दे आणि पतीला अकरावा कर. आपल्याकडचा ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ याच चालीचा; फक्त संख्या आठवर आली. लग्नात नवरीला नेसवतात त्या पिवळ्या वस्त्राला ‘अष्टपुत्री’ म्हणतात, त्यामागेही हीच इच्छा.

पुढच्या काळात सौभाग्याचा अर्थ आक्रसत गेला आणि नवरा जिवंत असणं एवढाच उरला. एका बाईचं सगळं भलं दुसऱ्याच्या आयुष्यावर टांगलं गेलं. मग नवरा गेलेल्या बाईला ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) लिहायचं, औक्षणाला पुढे बोलवायचं नाही, तिने केलेल्या नमस्काराला काय म्हणावं हे सुचेना म्हणून गप्प बसायचं. तो गप्पपणा सर्वांत वाईट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. प्रथांच्या बरोबरीने शब्दही बदलायला हवेत, आणि त्यासाठी नवं काही घडवावं लागत नाही. ‘औक्षवंत हो’, ‘सुखी राहा’, ‘कल्याण असो’ हे आशीर्वाद कुणाच्याही लग्नाच्या स्थितीवर अवलंबून नाहीत. नमस्कार करणारी विधवा असो, घटस्फोटित असो, लग्न न केलेली असो, उत्तर मिळायलाच हवं. नव्या जोडप्यालाही पुत्रांची संख्या सांगण्यापेक्षा त्याच विवाहसूक्तातलं ‘इहैव स्तं मा वि यौष्टम्’ आठवावं: इथेच राहा, वेगळे होऊ नका, पूर्ण आयुष्य भोगा. मराठीत त्यासाठी ‘नांदा सौख्यभरे’ तयार आहेच.

शब्दांबरोबर वस्तूही बोलतात, म्हणून अक्षतांबद्दल थोडं. अ-क्षत म्हणजे न मोडलेलं. तांदूळ अख्खाच हवा, कणी चालत नाही. दाणा मोडका असेल तर त्या नावालाच अर्थ उरत नाही. मूठभर तांदळाला चिमूटभर कुंकू आणि तीन-चार थेंब पाणी किंवा तूप पुरतं. पाणी जास्त झालं की दाणे चिकटतात आणि वधूवरांच्या कपड्यांवर लाल डाग पडतात. आदल्या दिवशी करून कागदावर पसरून वाळवाव्यात. औक्षणाच्या तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी असते. पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, डोक्यावर टोपी किंवा रुमाल, आधी कुंकू आणि अक्षता, मग अंगठी-सुपारी ओवाळायची, शेवटी निरांजन. वात तुपात पूर्ण बुडली की ती धुमसते, टोक वर राहू द्यावं. आणि आधी पंखा बंद करावा, नाहीतर ऐन ओवाळताना ज्योत जाते आणि घरातल्या मोठ्यांच्या मनाला लागतं. ओवाळताना मोठ्याने काही म्हणायलाच हवं असं नाही. दिवाळीत पाडव्याला मात्र म्हणायचं वाक्य ठरलेलं: ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ यात पुन्हा तेच दोन ‘ओ’. बहुतेक आशीर्वाद एका माणसाला असतात, हा सगळ्या राज्याला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त बळीराजाचा जो अर्थ लावला, त्यानंतर या ओळीला शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या राज्याची जोड मिळाली.

एकच परंपरा धरून मराठीतले आशीर्वाद समजत नाहीत. ‘दुवा’ अरबीतून आलेला, पण ‘गरिबाची दुवा घे’ हे अस्सल मराठी वाक्य आहे, आणि त्याच्या विरुद्धचा शब्द तळतळाट. ‘बरकत’ही अरबीच. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, काही ठिकाणी ‘बरकत’. मग दोन, तीन. मोजणीची सुरुवातच आशीर्वादाने. गोव्यात कोंकणीत आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’ म्हणतात, देव भलं करो. ख्रिस्ती घरांत लहान मुलं मोठ्यांकडे ‘बेसांव’ मागतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. बौद्ध घरांत ‘भवतु सब्बमङ्गलं’ म्हटलं जातं, त्यातलं ‘भवतु’ तर आपण वर पाहिलंच, आणि पुढच्या ओळीतल्या ‘सदा सोत्थी भवन्तु ते’मधलं ‘सोत्थि’ म्हणजे स्वस्तिच. वारीत मात्र वेगळंच घडतं. तिथे दोघे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, दोघेही ‘माउली’. थोरला-धाकटा ठरवायचंच नसल्याने आशीर्वाद कुणी कुणाला द्यायचा हा प्रश्नच उरत नाही.

लिहिताना होणाऱ्या चुका शेवटी एकत्र सांगतो. ‘आशीर्वाद’ यात शी दीर्घ. आशिस् आणि वाद यांच्या संधीत ‘इ’ची ‘ई’ होते, म्हणून ‘आशिर्वाद’ चूक. ‘भव’पुढे विसर्ग नाही, ‘सौभाग्यवती भवः’ चूक. ‘भव’ हे एकवचन आहे, म्हणून अकरा खेळाडूंच्या संघाला ‘विजयी भव’ म्हणता येत नाही. तिथे ‘विजयी व्हा’ म्हणावं. मुलीला ‘यशस्वी भव’ नाही, ‘यशस्विनी भव’, किंवा नुसतं ‘यशस्वी हो’. संस्कृत रूपाची खात्री नसेल तेव्हा मराठी ‘हो’, ‘व्हा’, ‘असो’ वापरावं. त्याने आशीर्वाद उणा होत नाही.

नमस्कार करणाऱ्यानेही एक करावं. वाकून लगेच उठून निघू नये. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावं, आणि तो शब्द सावित्रीने घेतला तसा मनात घ्यावा. म्हाताऱ्या माणसांना बोलायला वेळ लागतो, ‘औक्षवंत’ म्हणून झाल्यावर ‘हो’पर्यंत यायला एक श्वास जातो.